क्षारपड रानासाठी सोयाबीनची चाळणी: कुंडी, जनुक आणि शेत (प्रकल्प नोंदी)

१८ मे

मिरज तालुक्यात कृष्णाकाठाला घरचं थोडं रान आहे. वरचा तुकडा चांगला, खालचा क्षारपड. वर्षानुवर्षं ऊस, पाटाचं भरमसाट पाणी, निचऱ्याच्या नावानं शिमगा. उन्हाळ्यात खालच्या सऱ्यांवर पांढरं फुलतं. फेरपालट म्हणून आप्पा (माझे चुलत सासरे) खरिपात सोयाबीन टोकतात आणि खालच्या तुकड्यात पानांच्या कडा दरवर्षी करपतात. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाच्या दोघी विद्यार्थिनींना प्रकल्पासाठी हाच विषय दिला: आपल्याकडे पेरले जाणारे वाण खाऱ्या पाण्यात कसे टिकतात आणि त्यांच्यात मीठ सोसण्याचं जनुक शाबूत आहे का. नोंदी लिहितेय त्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजला हेच करायचं असेल तर पैसे आणि हंगाम वाचावा म्हणून.

थिअरी एका परिच्छेदात उरकते. ऍबेल या संशोधकांनी १९६९ मध्ये संकरांवरून दाखवलं की सोयाबीनच्या पानांत क्लोराइड शिरू न देण्याचा गुण एकाच प्रभावी जनुकावर चालतो. त्यांनी त्याला एनसीएल म्हटलं. पुढे २०१४ ते २०१६ या काळात तीन गटांनी ते जनुक नेमकं हुडकलं. बीजिंगच्या गटानं त्याला जीएम-सॉल्ट-३ म्हटलं, हाँगकाँगच्या गटानं जीएम-सीएचएक्स-१, आणि जपानी गटानं जुनं एनसीएलच ठेवलं. तिन्ही एकच, तिसऱ्या गुणसूत्रावरचं. शोधताना तिन्ही नावं टाका, नाहीतर निम्मे शोधनिबंध हाती लागत नाहीत. पुष्कळ नाजूक वाणांत या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात) सुमारे ३.८ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक उपरा तुकडा, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉन, घुसलेला असतो. तो असला की प्रथिन अर्धवट बनतं आणि मीठ थेट पानांत जातं.

२६ मे

बियाणं. तुलनेसाठी मीठ सोसणारा, सर्वांना माहीत असलेला एक वाण हवाच. आम्ही ‘ली’ निवडला. हा जुना अमेरिकन वाण, एस-१०० आणि सीएनएस यांच्या संकरातला. ऍबेल यांच्या काळापासून सहनशील म्हणून हाच वापरतात. एका जुन्या संग्रहातून मूठभर दाणे मिळाले. ओल्या कागदाच्या गुंडाळीत उगवण पाहिली तर निम्म्याहून जास्त दाण्यांवर बुरशी. सोयाबीनचं बी कपाटात दोन उन्हाळे काढत नाही, तेलकट बियांचा हा स्वभावच. जे उगवले ते जिवापाड जपायचे आणि त्यातून बी वाढवायचं असं ठरलं. तुम्ही करणार असाल तर तुलनेच्या वाणाचं बी आदल्या हंगामातच मिळवून स्वतः वाढवून घ्या. ऐन मे महिन्यात धावाधाव करून काही होत नाही.

आपल्याकडचे पाच वाण घेतले: जेएस ३३५, एमएयूएस ७१, एमएसीएस ११८८, फुले संगम आणि फुले किमया. शेवटचे दोन तर आमच्याच तालुक्यातल्या कसबे डिग्रजचे. पुढे निकाल लिहिताना मात्र मी क्र. १ ते ५ एवढंच लिहिणार आहे, आणि तो क्रम वर दिलेला नाही. एका कॉलेजच्या शेडमधल्या कुंड्यांवरून कुणी दुकानदारासमोर वाणाची बदनामी करू नये.

४ जून

कुंडीत काय भरायचं? नदीची वाळू मिळणं अवघड, म्हणून क्रश सँड आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. कुंड्या म्हणून घेतलेल्या पिशव्यांना खाली भोकं पाडली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या. पावसाचं पाणी कुंडीत पडलं तर मीठ धुपून जातं, त्यामुळे शेड हवीच. प्रत्येक वाणाच्या निम्म्या कुंड्या मिठाच्या, निम्म्या साध्या.

आप्पा बघायला आले. म्हणाले, “मीठ घालून झाडं मारायची, आणि ह्याचा पगार मिळतोय व्हय गं तुला?”

२१ जून

मीठ अजून घातलेलंच नाही आणि साध्या कुंड्यांतल्या रोपांच्या पहिल्या जोडपानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्यात. सगळ्या वाणांच्या, अगदी ‘ली’च्यासुद्धा.

संशयित तीन. पहिला, बोअरचं पाणी: ईसी मीटरवर (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात क्षार किती ते दाखवणारं यंत्र) २.१ डेसिसायमन प्रति मीटर. आमच्या पट्ट्यात हे नवल नाही, पण कुंडीत रोज तेच पाणी दिलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. दुसरा, कोकोपीट: एक मूठ ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजवून निथळलं, मीटर ३.४. विटेच्या आकारात दाबून विकतात ते स्वस्त कोकोपीट बऱ्याचदा न धुतलेलं असतं आणि नारळाच्या सोडणातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड त्यात तसंच राहतं. वेष्टनावर याबद्दल अवाक्षर नाही. तिसरा, क्रश सँडमधली भुकटी: तिनं भोकं बुजली, तळाशी पाणी साचलं, मुळं तपकिरी झाली.

कुंडीच्या खालून निथळणारं पाणी मोजलं तेव्हा मीटर ६ च्या वर गेला. म्हणजे ‘साध्या’ कुंड्या नावालाच साध्या. आधीचं सगळं उपटून टाकलं.

इथून पुढचा आमचा नियम: वरून काय ओतलं ते वहीत लिहा, पण विश्वास ठेवायचा तो खालून निथळणाऱ्या पाण्याच्या आकड्यावर. मूळ पितं ते हे पाणी.

२५ जून

पुन्हा सुरुवात. कोकोपीट हद्दपार. क्रश सँड चाळून, भुकटी काढून, निवळ पाणी येईपर्यंत धुतली. पाणी आरओचं, त्यात पातळ केलेलं हॉगलंड द्रावण (रोपांच्या पोषणद्रव्यांचं). फॉस्फरस मुद्दाम खूप कमी ठेवला. मीठ आणि वाढीव फॉस्फेट एकत्र आले की काही सोयाबीन वाणांत फॉस्फरसच पानांत साठून पान भाजतं, आणि तो डाग मिठाच्या खात्यावर लिहिला जातो. पुस्तकातली हॉगलंडची पूर्ण मात्रा जशीच्या तशी घेतली तर हा घोळ होऊ शकतो.

त्याच दिवशी रानात वाफसा आला म्हणून क्र. २ आणि क्र. ४ च्या जोडओळी वरच्या आणि खालच्या तुकड्यात टोकल्या. हे दोनच का, तर या दोघांचंच बी पुरेसं होतं.

१४ जुलै

रोपांना दुसरं त्रिदल (तीन पर्णिकांचं पान) आलं. आता मीठ. चाळणीसाठी, म्हणजे वाण पारखायला, साधारणपणे १०० मिलिमोलर वापरतात: लिटरला ५.८५ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या कॅनला ११७ ग्रॅम. मीटरवर पोषणद्रव्यासकट ११ च्या आसपास आलं, बरोबर.

पूर्ण मात्रा एकदम दिली तर सगळीच रोपं दुपारी मान टाकतात, सहनशील काय नि नाजूक काय. तो पाण्याच्या ताणाचा झटका, जनुकाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून आज निम्मी मात्रा, उद्या पूर्ण. प्रत्येक वेळी खालून भरपूर निथळेपर्यंत ओतायचं आणि निथळलेलं मोजायचं.

१९ जुलै

डोळ्यांना अजून काहीच फरक दिसत नाही. विद्यार्थिनी हिरमुसल्या. पण पानांतलं क्लोराइड आत्ताच मोजण्यात मतलब आहे. जनुक शाबूत असलेली आणि नसलेली, बाकी सारखीच असलेली रोपं शेजारी ठेवून केलेलं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्यात पानांतल्या क्लोराइडचा फरक आधी दिसतो, सोडियमचा नंतर. फ्लेम फोटोमीटर (सोडियम मोजायचं यंत्र) नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही, क्लोराइड ब्युरेटवर मोजता येतं.

पद्धत अशी. पान धुवून, ओव्हनमध्ये वाळवून, खलात पूड. १०० मिलिग्रॅम पूड २५ मिली गरम ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून गाळायची. त्यात पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब आणि वरून ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट थेंब-थेंब. द्रावण पिवळं, त्यात दह्यासारखा पांढरा साका धरत जातो आणि क्लोराइड संपलं की एका थेंबात विटकरी झाक येते व हलवूनही जात नाही. तिथं थांबायचं. एक मिली म्हणजे ०.७१ मिलिग्रॅम क्लोराइड.

अडचण एवढीच की पानाचा अर्क स्वतःच चहासारखा तांबूस असतो, त्यात विटकरी झाक कुठली दिसायला! सक्रिय कोळशाची चिमूट टाकून गाळलं तर रंग गेला, पण आकडे अचानक वाढले. कोरं पाणी त्याच कोळशातून गाळून पाहिलं, तर त्यातही क्लोराइड. कोळसा गरम ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवून वाळवला, मग कोऱ्याचा आकडा शून्याजवळ आला. कोरा नमुना घेतल्याशिवाय एकही आकडा वहीत मांडू नका. आणि हातमोजे घाला. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग दोघींच्या बोटांवर अजून आहेत, एकीच्या आईनं फोन करून विचारलं की कॉलेजात नेमकं करता काय.

निकाल: ‘ली’ आणि क्र. ४ मध्ये क्लोराइड सर्वांत कमी, क्र. १, २, ५ मध्ये त्यांच्या साधारण तिप्पट, क्र. ३ मधे कुठेतरी पण वरच्या बाजूला झुकलेला.

२९ जुलै

आता डोळ्यांना दिसतंय. गुण १ ते ५: १ म्हणजे पान स्वच्छ, ५ म्हणजे झाड मेलेलं. क्र. १, २, ५ ला ४ च्या आसपास, क्र. ३ ला ३ ते ४, क्र. ४ ला २, ‘ली’ला २ पेक्षा कमी. साध्या कुंड्या सगळ्या हिरव्यागार. गुण दोघींनी स्वतंत्र, एकमेकींचं न बघता दिले, आणि कुंडीवर वाणाचं नाव नव्हतं. नाव दिसलं की हात आपोआप १ कडे किंवा ५ कडे वळतो.

६ ऑगस्ट

डीएनए. कोवळं, न उघडलेलं त्रिदल घेतलं. डीएनए काढायची सीटॅब पद्धत, काही खास नाही. जून पान घेतलं तर डीएनए चिकट येतो आणि पिपेटच्या टोकाला लोंबतो.

खरा वेळ गेला तो प्रायमरवर, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग पीसीआर यंत्रात वाढवायला त्याच्या दोन टोकांना लावायच्या छोट्या डीएनए-तुकड्यांवर. इंटरनेटवरून विल्यम्स ८२ या वाणाचा संदर्भ जीनोम (सगळे ज्याच्याशी ताडून बघतात तो पूर्ण डीएनए-क्रम) उघडला, त्यात हे जनुक शोधलं आणि दोन्ही बाजूंना प्रायमर बेतून मागवले. वाढलेला भाग जेलवर पट्टी म्हणून दिसतो, पण ‘ली’मध्ये पट्टीच येईना. इतर कुणातही काही धड येईना. तापमान वरखाली केलं, मॅग्नेशियम वाढवलं, डीएनए पुन्हा काढला. शेवटी क्रम जुळवून बघताना उलगडा झाला: ज्या विल्यम्स ८२ वरून सगळं जग सोयाबीनचं जनुक वाचतं, तो वाण स्वतःच मिठाला नाजूक आहे! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जीनोममध्ये हा उपरा तुकडा तसाच बसलेला आहे, आणि त्यामुळे पहिल्या नोंदीत एकच जनुक दोन वेगळी जनुकं म्हणून मांडलं गेलं होतं. आमचा एक प्रायमर त्या उपऱ्या तुकड्याच्या आत पडला होता. ‘ली’मध्ये तो तुकडाच नाही, मग पट्टी कुठून येणार? बाकीच्यांत दोन प्रायमरमधलं अंतर आमच्या प्रोग्रामला झेपणारं नव्हतं.

नवी आखणी, तीन प्रायमरची: एक तुकड्याच्या आधी, एक तुकड्याच्या नंतर, एक तुकड्याच्या आत. वाढीचा वेळ थोडा ठेवायचा, म्हणजे ३.८ हजार बेसचं लांबडं उत्पादन तयारच होत नाही. जनुक शाबूत असेल तर बाहेरच्या दोघांची पट्टी येते, तुकडा घुसलेला असेल तर आतल्या प्रायमरची वेगळ्या लांबीची, आणि संकर असेल तर दोन्ही. फक्त बाहेरचे दोन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पट्टी न येणं म्हणजे तुकडा आहे, की तुमचा डीएनए बिघडलाय, हे त्यातून कधीच कळत नाही. सध्याच्या जीनोम नोंदीत हे जनुक ग्लायमा ०३जी१७१६०० या क्रमांकानं सापडेल.

१३ ऑगस्ट

जेल. ‘ली’ आणि क्र. ४: शाबूत. क्र. १, २, ५: तुकडा घुसलेला. इथपर्यंत कुंडीशी तंतोतंत मेळ.

क्र. ३ मात्र शाबूत पट्टी देतोय, आणि कुंडीत करपलाय. पुन्हा काढलेल्या डीएनएवर तेच. हा गोंधळ नाही. तुकडा घुसणं हा जनुक बिघडण्याचा एकच मार्ग नव्हे. चीनमधल्या वाणांत या जनुकाची अनेक रूपं सापडलीत आणि काही नाजूक रूपांत हा तुकडा नसतोच, छोटे बदल असतात. क्र. ३ चं जनुक पूर्ण वाचून घ्यावं लागेल. तोवर आमचा मार्कर (ही तीन प्रायमरची चाचणी) फक्त ‘तुकडा आहे’ एवढंच खात्रीनं सांगतो, ‘वाण सहनशील आहे’ असं नाही. अहवालात एका विद्यार्थिनीनं दुसरं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.

१८ ऑगस्ट

रानाकडे वळू. वरच्या तुकड्यात दोन्ही वाण सारखेच उभे. खालच्या तुकड्यात पश्चिमेच्या बाजूला क्र. २ च्या जुन्या पानांच्या कडा करपल्यात, शेजारच्या ओळीतला क्र. ४ हिरवा. अगदी कुंडीतल्यासारखं. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र दोन्ही वाणांची रोपं बोटावर मोजण्याइतकी. आप्पा म्हणाले, “तुझं जनुक हिकडं यायचं इसरलं का?”

आधी आमच्याकडच्या मातीपरीक्षणाचा कागद काढला: ईसी १.७. सोयाबीनला ५ पर्यंत सोसतं असं सगळीकडे छापलेलं, मग करपलं का? कारण कागदावरचा आकडा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन काढलेला, आणि ती ५ ची मर्यादा संपृक्त चिखलाच्या अर्काची. दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत.

म्हणून चिखल केला. वाळवून चाळलेली माती वाडग्यात घेऊन ऊर्ध्वपातित पाणी घालत मळायची. वर चकाकी येते, उलथन्यावरून चिखल सरकतो, पण खळगा केला तर त्यात पाणी जमत नाही, तिथं थांबायचं. रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूमवर गाळायचं. काळ्या मातीचा अर्क थेंब-थेंब येतो, धीर धरा. पश्चिमेची माती: ५.८. म्हणजे मर्यादेच्या जरा वर. ५ च्या पुढे दर एकाला उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटतं हा ढोबळ हिशोब. अशा जागी क्र. ४ चा उपयोग आहे.

पूर्वेच्या कोपऱ्यातली माती गाळलीच जाईना. बाटलीत पाण्यात हलवून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही गढूळ. सामू ९.१. ही क्षारयुक्त नव्हे, चोपण. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, पाऊस पडला की वर खपली धरते, खाली पाणी तुंबतं, बी गुदमरतं. आपलं जनुक क्लोराइड आणि सोडियम पानात जाऊ देत नाही, पण त्यासाठी आधी पान यायला हवं! त्याच २०१६ च्या कामात स्पष्ट आहे की हे जनुक खाऱ्या मातीत रोपाचा सुरुवातीचा जोम वाढवत नाही. त्या कोपऱ्याला वाण बदलून काही होणार नाही. जिप्सम आणि निचऱ्याची चर, दुसरा इलाज नाही.

आणखी एक: खालच्या तुकड्यातली काही पिवळी झाडं आम्ही आधी मिठाच्या खात्यात टाकली होती. जवळून बघितलं तर पिवळे ठिपके कोवळ्या पानांवर विखुरलेले, कडेला नव्हेत. तो पांढऱ्या माशीनं आणलेला पिवळा मोझॅक. मिठाचं करपणं जुन्या पानांपासून आणि कडेकडून सुरू होतं. ती झाडं मोजणीतून काढली.

२० ऑगस्ट

खर्च, कुणी विचारेल म्हणून. सिल्व्हर नायट्रेटची २५ ग्रॅमची बाटली आम्हाला तेव्हा चार हजारांच्या घरात पडली, आणि लिटरला ३.४ ग्रॅमच लागतं, तेव्हा शेजारच्या कॉलेजबरोबर निम्मी वाटून घ्या. प्रायमर तसे स्वस्त, नगाला काही शेकडे. पण पहिला संच फुकट गेला. ईसी मीटर अडीच हजारांचा, प्रमाणित द्रावणाची बाटली सोबत घ्या. सर्वांत महाग पडलं ते कोकोपीट, जे पन्नास रुपयांचं होतं.

२४ ऑगस्ट

क्र. १ आप्पांसकट सगळ्यांचा लाडका, म्हणून त्याच्यावर क्र. ४ चा परागसंकर करून बघतोय. साध्या कुंड्यांतली झाडं आता फुलात आहेत. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, आणि उमलतं तेव्हा आत परागण उरकलेलं असतं. म्हणून आदल्या संध्याकाळची कळी घ्यायची, पाकळ्यांचं टोक निदलातून जेमतेम डोकावतंय अशी. बारीक चिमट्यानं निदल आणि पाकळ्या काढायच्या, दहा पुंकेसरांची कडी एका झटक्यात ओढायची, आणि क्र. ४ च्या ताज्या फुलाचा पराग कुक्षीवर टेकवायचा. बहुतेक कळ्या गळल्या. ज्या थोड्या धरल्यात त्यांना रंगीत दोरा बांधलाय आणि खालची-वरची फुलं खुडलीत.

या शेंगांचं बी दिवाळीनंतर कुंडीत लावू आणि पहिल्या त्रिदलालाच तीन प्रायमर चालवू. दोन्ही पट्ट्या आल्या तर तो संकर. एकच, तुकड्याची, आली तर कळी काढायला आम्हाला उशीर झाला होता आणि क्र. १ नं आपलंच परागण आधी उरकलं होतं. ते झाड तिथंच उपटायचं.